‘भरपूर बदकं’ म्हणजे किती? पाणथळीवरच्या पक्ष्यांची मोजणी आणि नोंद

हिवाळ्यात भिगवण-कुंभारगावहून परतलेल्या कुणाचीही वही उघडा. ‘रोहित : खूप. थापट्या : भरपूर. पट्टकादंब : मोठा थवा.’ (रोहित म्हणजे फ्लेमिंगो, थापट्या हे बदक आणि पट्टकादंब हा हंसासारखा हिवाळी पाहुणा.) सकाळ छान गेली याची आठवण म्हणून एवढं पुरतं. पण पाच वर्षांनी कुणी विचारलं की तिथल्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर (बॅकवॉटरवर) थापट्या वाढले की घटले, तर ही वही गप्प बसते.

नोंदीला तीन पाय असतात. कोणता पक्षी, किती, आणि हा आकडा कसा आला. पहिल्या दोनकडे सगळ्यांचं लक्ष असतं. तिसरा राहून जातो आणि नोंद लंगडी पडते. किती वेळ पाहिलं, कुठे उभं राहून पाहिलं, मोजलं की अंदाज केला, हे लिहिलेलं नसेल तर ‘थापट्या ८००’ आणि ‘थापट्या ३००’ या दोन आकड्यांची तुलना करता येत नाही. पहिल्या दिवशी माणूस तीन तास बसला असेल, दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं.

आकड्याला वजन किती असतं ते पाहा. एखाद्या पाणथळीवर नेमाने २०,००० पाणपक्षी येत असतील, किंवा एखाद्या जातीच्या त्या भूभागातल्या एकूण संख्येपैकी १ टक्का पक्षी तिथे येत असतील, तर ती जागा रामसर करारातल्या (पाणथळी जपण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या) आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या निकषात बसते. जानेवारी २०२० मध्ये नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. असे निकष पारखायचे तर कुणीतरी काठावर उभं राहून केलेली मोजणी लागते. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, तीही स्वयंसेवकांच्या जोरावर.

पुढचं सगळं उजनीचा फुगवटा डोळ्यासमोर ठेवून लिहिलं आहे. गावातल्या पाझर तलावालाही तेच लागू पडतं.

सोबत काय घ्यायचं

दुर्बीण ८×४२ ची घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दहा पटीच्या दुर्बिणीत पक्षी जरा मोठा दिसतो, पण हाताची थरथरही तेवढीच मोठी होते आणि एका नजरेत मावणारा भाग लहान होतो. थवा मोजताना नजरेत किती मावतं, हेच कामाचं.

दुर्बीण स्वतःच्या डोळ्यांना लावून घेतल्याशिवाय निघू नका. उजवं भिंग हाताने झाका आणि डाव्या डोळ्याने, मधलं चाक फिरवत, लांबची एखादी पाटी स्वच्छ दिसेपर्यंत आणा. मग डावं झाका. आता मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी स्वच्छ करा. कडी जिथे थांबली तिथे पेनाने बारीक खूण करून ठेवा. दुर्बीण चार हातांतून फिरून आली की ही कडी हमखास हललेली असते. मग ‘आज धुकं होतं’ म्हणून जे लिहिलं जातं, ते धुकं बऱ्याचदा दुर्बिणीतलंच असतं. चष्मा लावणाऱ्यांनी डोळ्यांजवळची रबरं आत दाबून घ्यावीत.

लांबच्या बदकांसाठी तिवईवरचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने पाहायची जास्त पटीची दुर्बीण लागते. स्कोपचा झूम ६० पर्यंत जात असला तरी मोजणी २० ते ३० वरच करा. त्यापुढे पाण्यावरची हवा उकळत्या दुधासारखी हलायला लागते.

मोजण्यासाठी क्लिकर बरा. देवळाबाहेर नामजपासाठी मिळतो तो बोटात घालायचा काउंटरही चालतो. त्याची एकच खोड, शून्यावर आणायचं बटण चुकून दाबलं जातं. म्हणून दर शंभराला वहीत एक रेघ ओढायची. वही छोटी, जाड पुठ्ठ्याची, आणि पेन्सिल. ओल्या कागदावर पेनाची शाई पसरते, पेन्सिल नाही.

जागा, वेळ आणि पाणी

सूर्य पाठीमागे हवा. समोरून उजेड आला की हळदी-कुंकू बदक आणि तलवार बदक दोन्ही काळीच दिसतात. म्हणून सकाळी एका काठावरून आणि संध्याकाळी समोरच्या काठावरून, अशी जागा आधीच ठरवून ठेवा. दिवस उगवल्यापासून साधारण दहापर्यंतचा वेळ चांगला. त्यानंतर हवा तापते, बदकं डोकी पाठीत खुपसून झोपतात आणि चोच दिसेनाशी होते.

उभं राहण्याची जागा एकदा ठरली की बदलू नका. फोनमध्ये तिचे अक्षांश-रेखांश टिपून ठेवा. दरवेळी तीच जागा, तोच कोन, जमलं तर तोच महिना. जागा जरा उंचावर मिळाली तर उत्तम. सपाट काठावरून पाहिलं की पुढच्या रांगेतल्या रोहितांच्या आड मागची रांग पूर्ण झाकली जाते. बंधाऱ्यावर चढून तीन-चार मीटर उंची मिळाली तर तोच थवा पसरलेला दिसतो आणि आकडा कितीतरी वाढतो. पक्षी तेवढेच असतात, आता फक्त दिसू लागतात.

पाण्याची पातळी लिहिणं सगळ्यात जास्त विसरलं जातं. उजनीचा साठा टक्क्यांत रोज जाहीर होतो. हे टक्के उपयुक्त साठ्याचे असतात, म्हणून उन्हाळ्यात उजनी ‘वजा’मध्ये जाते आणि धरणात मृतसाठा तरीही भरपूर असतो. त्या दिवशीचा टक्का वहीच्या पहिल्या ओळीत लिहा. पाणी उतरलं की काठचा गाळ उघडा पडतो, उथळ पाणी पसरतं आणि रोहित, शेकाट्या, तुतारी अशा चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना जागा मिळते. धरण काठोकाठ असेल तर तेच पक्षी दुसरीकडे गेलेले असतात. पातळी न लिहिता ‘यंदा रोहित कमी’ एवढंच लिहिलं तर पुढे वाचणारा चुकीच्या निष्कर्षाला पोहोचणार. पाणी ओसरल्यावर पेरलेल्या गाळपेर जमिनीत पीक उभं आहे का, मासेमारीची जाळी कुठवर टाकली आहेत, हेही दोन शब्दांत येऊ द्या.

मोजायचं कसं

पन्नासपर्यंत पक्षी असतील तर एकेक मोजा. त्याच्या वर गेलं की गठ्ठ्यांनी.

थव्याच्या एका टोकाला दहा पक्षी खरोखर मोजा. ते दहा दुर्बिणीत किती जागा व्यापतात हे डोळ्यात बसवा आणि तेवढ्या जागेचे घास घेत पुढे सरका: दहा, वीस, तीस. थवा हजारांत असेल तर आधी दहाच्या गठ्ठ्यांनी शंभर मोजा आणि मग शंभराचा घास करा. गडबड होते ती घनतेत. थव्याच्या मध्यभागी पक्षी दाटीने असतात, कडेला विरळ. कडेच्या दहाच्या मापाने मधला भाग मोजला तर आकडा खाली येतो. म्हणून मध्ये एक आणि कडेला एक, अशी दोन मापं घ्या.

रोहित चरताना मान पाण्यात घालतो. एकामागे एक उभे असले की दोन धडांचं एक दिसतं. घाई करू नका. थवा अधूनमधून माना वर करतो, तेव्हा माना मोजा, धडं नाही.

बुडी मारणाऱ्या पक्ष्यांचं गणित वेगळं. टिबुकली आणि पाणकावळा कुठल्याही क्षणी काही पाण्याखालीच असतात. त्यांच्यावरून तीनदा नजर फिरवा आणि तिन्हींतला सर्वांत मोठा आकडा घ्या. सरासरी काढू नका, कारण बुडालेला पक्षी हिशेबातून गळतो, जास्तीचा पक्षी कधी उगवत नाही.

उडता थवा पुढून मागे मोजा, मागून पुढे नाही. नजर थव्याच्या दिशेनेच सरकली की तेच पक्षी दुसऱ्यांदा मोजले जातात. पट्टकादंब तिरक्या रांगेत किंवा इंग्रजी व्ही अक्षरासारखे उडतात, तिथे एकेक मोजणं सोपं असतं. तुताऱ्यांचा थवा वळणं घेत राहतो. तो बसेपर्यंत थांबलेलंच बरं.

फोटो काढून घरी मोजायचं असेल तर एका बाजूने सुरू करून प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा तिसरा हिस्सा येईल असं पहा, आणि जाळ्याचा खुंट किंवा पाण्यातली वेडी बाभूळ अशी न हलणारी खूण दोन्हींत असू द्या. संगणकावर प्रत्येक पक्ष्यावर रंगीत ठिपका द्या, जातीगणिक रंग वेगळा. खूण नसेल तर दोन फोटोंच्या सीमेवरचे पक्षी दोनदा मोजले जातात.

मोठा थवा पाहून बहुतेकांचा अंदाज खऱ्यापेक्षा कमीच येतो, आणि थवा जेवढा मोठा तेवढी ही तूट वाढते. यावर घरच्या घरी करता येईल असा एक सराव आहे. परातीत मूठभर हरभरे टाका, दहा सेकंद पाहून अंदाज लिहा, मग मोजा. आठवडाभर रोज पाच वेळा केलं की आपला डोळा किती कमी धरतो ते कळतं. त्यानंतर तुरीची डाळ घ्या, मग तांदूळ. दाणा लहान झाला की अंदाज कसा ढासळतो ते पाहण्यासारखं आहे, आणि लांबची भुवई बदकं मोजताना नेमकं तेच होतं.

आकडा प्रामाणिकपणे लिहायचा. एकेक मोजले असतील तर ४७ लिहा. गठ्ठ्यांनी मोजले असतील तर ‘८००, ७०० ते ९०० च्या दरम्यान’ असं लिहा. अंदाज करून ८१३ लिहिणं म्हणजे नसलेल्या अचूकतेचा दावा. आणि दोघं मोजत असाल तर पहिल्याने आपला आकडा मोठ्याने सांगायचा नाही. दुसऱ्याचा आकडा आपोआप त्याच्याकडे झुकतो. दोघांनी आपापल्या वहीत लिहून मग ताडून पाहायचे, आणि पाचव्या हिश्शापेक्षा जास्त फरक आला तर दोघांनीही पुन्हा मोजायचं.

सरमिसळ थवा

उजनीवर निव्वळ थापट्यांचा थवा क्वचित मिळतो. त्यात तलवार बदकं असतात, भुवई बदकं असतात, कडेला वारकरी, म्हणजे पांढऱ्या कपाळाचे काळे पाणपक्षी. जातवार मोजत बसलं तर निम्म्यावर येईपर्यंत सगळे जागा बदलतात.

आधी जात न पाहता एकूण आकडा काढा, समजा १,२००. मग स्कोप थव्यात पाच वेगवेगळ्या ठिकाणी न निवडता टेकवा आणि प्रत्येक ठिकाणी नजरेत येणारी २० बदकं ओळखा. शंभरात ५५ थापट्या, ३० तलवार आणि १५ भुवई निघाली, तर १,२०० चे ६६०, ३६० आणि १८० झाले. ‘न निवडता’ हा शब्द महत्त्वाचा. डोळा आपोआप नराच्या चटकदार रंगाकडे जातो आणि मळकट माद्या सुटतात. जे दोन-चारच आहेत, उदाहरणार्थ थव्यातले पाच चक्रवाक, ते या वाटणीत घालू नका. त्यांना वेगळं, एकेक मोजा.

काठ लांब असेल तर त्याचे भाग पाडा आणि सीमा जमिनीवरच्या पक्क्या खुणांनी ठरवा: अमक्याची विहीर, डिकसळचा पूल, मंदिराचा कळस. एका भागाला एक तुकडी. पक्षी एका भागातून दुसऱ्यात उडाले तर वेळ आणि दिशा टिपा: ‘८:४०, थापट्या ३००, पुलाकडून कुंभारगावकडे.’ संध्याकाळी वह्या समोरासमोर ठेवल्या की हेच तीनशे दोन तुकड्यांत आले आहेत का ते कळतं. मध्येच भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालत आला आणि सगळं पाणी उधळलं, तर अर्धा आकडा सोडून द्या. पक्षी बसल्यावर दहा मिनिटं थांबून पहिल्यापासून मोजा. अर्धा जुना, अर्धा नवा असा जोड आकडा कुठल्याच कामाचा नाही.

ओळख कुठे चुकते

सगळ्या जातींबद्दल इथे लिहिणं शक्य नाही. मोजणीत वारंवार घोळ होतो तो पांढऱ्या बगळ्यांचा. चारी जाती एकाच चिखलात उभ्या असतात आणि वहीत ‘बगळे ६०’ एवढंच उरतं. छोट्या बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि पंजे पिवळे. चालताना पाय चिखलातून वर आला की पिवळे मोजे घातल्यासारखे दिसतात. गाय बगळा बुटका, चोच पिवळी आणि आखूड, हनुवटीखाली फुगीर. मध्यम आणि मोठा हे दोघं खरे त्रासदायक. तिथे उंचीवर जाऊ नका, एकटा उभा असेल तर उंची फसवते. तोंडाची रेघ बघा. मोठ्या बगळ्यात ती डोळ्याच्या मागपर्यंत जाते, मध्यम बगळ्यात डोळ्याखालीच संपते.

रोहितांत थोरला आणि धाकटा असे दोन. थोरल्याची चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं, धाकट्याची गडद, लांबून जवळपास काळीच. राखाडी-मळकट दिसणारे रोहित वेगळी जात नाहीत, ती पिल्लं. त्यांचा आकडा वेगळा लिहा. थव्यात पिल्लं किती, यावरून आदल्या हंगामात वीण कशी झाली असेल याचा माग लागतो.

ओळख पटली नाही तर तसं लिहायला लाजू नये. ‘पाणकावळा, जात अनिश्चित, २५’ ही पूर्ण प्रतिष्ठित नोंद आहे. अंदाजाने ‘छोटा पाणकावळा’ लिहिलं तर ते पुढे कुणालाच दुरुस्त करता येत नाही.

नावांचाही घोळ होतो. एका जिल्ह्यात ज्याला वारकरी म्हणतात त्यालाच दुसरीकडे चांदवा. गावातलं नाव वहीत जरूर ठेवा, ते मोलाचं आहे, पण शेजारी शास्त्रीय किंवा पक्षी-पुस्तकातलं नावही असू द्या.

वर्तनाची नोंद

नियम एकच: डोळ्यांना दिसलं ते लिहा, त्याचा अर्थ नंतर. ‘घरटं बांधत होता’ हा निष्कर्ष झाला. ‘चोचीत काडी घेऊन बाभळीत गेला, चार मिनिटांनी रिकाम्या चोचीने बाहेर आला’ ही नोंद. निष्कर्ष चुकला तरी नोंद टिकते.

थव्याचं वर्तन टिपायचं असेल तर दर दहा मिनिटांनी थव्यावरून एकदा नजर फिरवा आणि त्या क्षणी कोण काय करतंय ते मोजा: चरणारे, पिसं साफ करणारे, झोपलेले, मान ताठ करून पाहणारे. एका पक्ष्यामागे राहायचं असेल तर ठरावीक वेळ लावा. काठच्या तारेवर किंवा पाण्यातल्या काठीवर बसणारा कवड्या खंड्या यासाठी फार चांगला. तो हवेत एका जागी फडफडत थांबतो, चोच खाली करतो, कधी तसाच पुढे सरकून पुन्हा थांबतो, मग सूर मारतो. घड्याळ लावून वीस मिनिटं बघा आणि तीन रकाने करा: किती वेळा हवेत थांबला, किती वेळा पाण्यात पडला, किती वेळा मासा घेऊन निघाला. मासा मिळाला की बहुतेकदा तो काठीवर आपटतो, म्हणून तिसरा रकाना फारसा चुकत नाही. वाऱ्याच्या दिवशी आणि शांत दिवशी, गढूळ आणि नितळ पाण्यात हेच तीन रकाने भरत गेलात तर एका हंगामात त्याच्याबद्दल खरंच काहीतरी हाती लागेल. वीस मिनिटं पूर्ण व्हायच्या आत तो उडून गेला तर तोवरची मिनिटं लिहून नोंद बंद करा. दुसरा खंड्या पकडून वीस भरू नका.

पावसाळ्यात विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर किंवा शिंदीवर सुगरणीची वसाहत दिसली तर नुसतं ‘घरटी ४०’ लिहू नका. नर घरटं निम्मं विणतो, शिरस्त्राणासारखं, आणि पंख फडफडवत मादीला बोलावतो. मादीने पसंत केलं तर ते पुरं होतं, खाली नळी येते. नापसंत घरटी तशीच लोंबत राहतात. शिवाय एक नर एका हंगामात अनेक घरटी विणतो. म्हणजे घरटी चाळीस, म्हणून जोड्या चाळीस असं कधीच होत नाही. नुसती सुरुवात, निम्मी, नळीसह पूर्ण आणि वाळलेली जुनी अशा चार रांगा करा. घरट्याचा रंग मदत करतो: ताजं गवत हिरवं, जुनं तपकिरी. दर आठवड्याला त्याच झाडाचे, पण झाडापासून लांब उभं राहून, हेच चार आकडे घ्या.

कडी किंवा गळपट्टा दिसला तर

मंगोलियात अभ्यासकांनी ओळखीसाठी अक्षरांचा गळपट्टा घातलेले पट्टकादंब भारतात हिवाळ्याला आलेले आढळले आहेत, त्यामुळे पट्टकादंबांचा थवा मिळाला की प्रत्येक मान तपासायची. दिसलं तर या क्रमाने टिपा: पट्ट्याचा रंग, अक्षरांचा रंग, अक्षरं वरून खाली की खालून वर. पायातल्या कडीसाठी कोणता पाय, आणि गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली. डावा-उजवा पक्ष्याचा धरा, आपला नाही. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. एखादं अक्षर वाचता आलं नाही तर तिथे प्रश्नचिन्ह ठेवा, अंदाज नको. फोटो धूसर असला तरी जपून ठेवा आणि माहिती मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवा, भारतातलं कडी लावण्याचं काम तिथे फार जुनं आहे.

नोंद चढवताना

ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी जमा करणाऱ्या संकेतस्थळावर आणि ॲपवर) यादी चढवायची तर ती त्याच संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी आठवणीतला आकडा गोल होतो.

एका जागी उभं राहून पाहिलं असेल तर ‘स्टेशनरी’, चालत किंवा होडीतून फिरला असाल तर ‘ट्रॅव्हलिंग’. ज्या वाटेने गेलात त्याच वाटेने परत आलात तर अंतर एकदाच धरायचं. सकाळी भिगवणला आणि दुपारी दुसऱ्या तलावावर, अशा दोन जागांची एक यादी करू नका. शक्यतो तासाभराच्या, एक-दोन किलोमीटरच्या छोट्या याद्या करा. अख्ख्या दिवसाची वीस किलोमीटरची यादी पाहून कोणता पक्षी नेमका कुठे होता हे कळत नाही.

‘ओळखलेले सगळे पक्षी नोंदवले का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणायचं तर कावळा, साळुंकी आणि टिटवीही यादीत हव्यात. मन लावून पूर्ण केलेल्या यादीतून ‘नसणं’ही कळतं. वीस पूर्ण याद्यांत चिमणी नाही, याला अर्थ आहे. फक्त रोहितांचे फोटो काढायला गेला असाल आणि बाकी काही पाहिलंच नसेल, तर ‘नाही’ म्हणा. आकड्याच्या जागी नुसता एक्स टाकता येतो, पण अंदाजे का होईना, आकडा द्या. एक्सवरून ‘होता’ एवढंच कळतं.

पाच जण एकत्र गेलात तर यादी एकाने करावी आणि बाकीच्यांना ‘शेअर’ करावी. पाचही जणांनी आपापली यादी चढवली तर तेच ८०० थापट्या पाच वेगळ्या नोंदी होऊन बसतात. गटाच्या व्हॉट्सॲपवर आकडे टाकतानाही हेच भान हवं: कुणी, कुठून, किती वाजता, आणि हा तोच थवा आहे का.

आकडा नेहमीपेक्षा मोठा किंवा पक्षी अनपेक्षित असेल तर ॲप टिप्पणी मागतं आणि स्थानिक परीक्षक नोंद तपासतो. त्याचा प्रश्न आला तर राग मानू नका. ‘पुस्तकातल्यासारखाच होता’ हे उत्तर नव्हे. काय दिसलं ते लिहा: आकार कुणाएवढा, चोच, पाय, उडताना पंखावर काय, उजेड कुठून, किती अंतरावर. मर्लिन या पक्षी ओळखणाऱ्या ॲपने आवाजावरून नाव सुचवलं एवढ्यावर कधीच नोंद करू नका. ते सुचवतं, पाहायचं आपल्याला असतं. कोतवाल, तांबट अशा पक्ष्यांनी गजबजलेल्या पहाटेच्या आवाजात ते चुकतंही.

२०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालासाठी ३०,००० हून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटींहून जास्त नोंदी वापरल्या आणि ९४२ जातींचा अभ्यास झाला. त्या ढिगातली आपली यादी पूर्ण आहे की अर्धवट, याने फरक पडतो.

जे सांगायचं नाही, आणि जिथे थांबायचं

घरट्याची आणि घुबडाच्या ढोलीची नेमकी जागा गटावर टाकू नका, हंगाम संपेपर्यंत तरी. पुढच्या रविवारी तिथे पंधरा कॅमेरे उभे असतात. तणमोर, माळढोक असे पक्षी दिसले तर नोंद करा, पण गाव आणि शिवाराचं नाव जाहीर करू नका. विणीच्या दिवसांत फोनवरून पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं बंद ठेवा, कारण तो पिल्लं सोडून न दिसणाऱ्या शत्रूशी भांडायला येतो. घरट्याला हात लावणं, अंडी उचलणं हा वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे.

होडीतून पाहत असाल तर नावाड्याला आधीच सांगा: थवा उडवायचा नाही. स्थानिक मासेमार भाऊ पाणी आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं ओळखतात, पण पर्यटकाला उडते रोहित हवे असतात हे त्यांना शिकवलं आहे ते आपणच. खुणा ठरलेल्या असतात. आधी चरणं थांबतं आणि माना वर होतात. मग थवा एका दिशेला चालू लागतो. त्यानंतर पळत पाणी सोडतात. पहिल्या खुणेला इंजिन बंद, दुसऱ्या खुणेला मागे. मोजणी तिथूनच करायची, आणि किती अंतरावर माना वर झाल्या तेही वहीत लिहायचं. त्या अंतराची नोंद पुढच्या वर्षी येणाऱ्या नावाड्याला आणि पाहुण्याला, दोघांनाही उपयोगी पडेल.